दहापैकी साडेआठ

“वरचं बटण उघडं. टाय खिशात. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कोट खांद्यावर.” संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने चारही निरीक्षणं एका दमात वाचून दाखवली आणि वही मिटली. “माझ्या निर्देशांकानुसार दहापैकी साडेआठ, मॅडम. मुलगा घर सोडण्याच्या बेतात आहे.”

वर्गशिक्षिकेने मुलाकडे पाहिलं. पंधरा वर्षांचा तो मुलगा बापाशेजारच्या खुर्चीवर बसून छताकडे बघत होता.

गणवेश नीट न घातल्याबद्दल त्याला दोन ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरी मिळाली की आठवडाभर घरी. आणि परीक्षा पुढच्याच आठवड्यात. त्याची आई सहा महिन्यांसाठी परगावी कामाला गेली होती. जाताना तिने प्राध्यापकाला एकच गोष्ट बजावली होती : “त्याच्याकडे लक्ष दे.” लक्ष देण्यात त्याने कसूर केली नव्हती. इतक्या काटेकोरपणे कुणा बापाने मुलाकडे पाहिलं नसेल, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

तयारीही तशीच होती. दोन वर्षांपासून तो किशोरवयीनांच्या चित्रपटांतल्या आणि मालिकांतल्या गणवेशांच्या प्रतीकार्थावर पुस्तक लिहीत होता. चारशे बारा प्रसंग त्याने थांबवून थांबवून पाहिले होते. सैल टाय म्हणजे बंड, दुमडलेली बाही म्हणजे निर्धार. कोट खांद्यावर टाकून निघालेलं पोर पुढच्या दोन भागांत घर सोडतं. अपवाद एकच सापडला होता, आणि ती मालिका मध्येच बंद पडली होती. भोळसट निष्कर्षांचा त्याला मनापासून तिटकारा होता. ‘साधं कारण आधी बाद करा’ हे तो वर्गात इतक्या वेळा सांगे, की विद्यार्थी त्याच्या पाठीमागे त्याला ‘साधं कारण’ याच नावाने ओळखत.

घरात ही लक्षणं दिसू लागताच त्याने प्रवासाची बॅग माळ्यावर टाकली होती. मुलाशी ‘स्वातंत्र्य आणि जबाबदारी’ या विषयावर तो दोनदा बोललाही होता. दोन्ही वेळा मुलाने शांतपणे जेवण संपवून ताट उचललं होतं.

“बटण लाव बघू,” बाई मुलाला म्हणाल्या.

मुलाने कॉलर ओढली. बटण आणि काज यांच्यात दोन बोटांचं अंतर उरलं.

“बाह्या सोड.”

बाह्या खाली आल्या आणि मनगटाच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या.

“आता कोट.”

त्याने एक हात घातला. खांद्यावरची शिवण उसवली. आवाज लहान होता, पण निःसंदिग्ध.

“केव्हाचा रे हा गणवेश?”

“मागच्या वर्षाच्या सुरुवातीचा.”

बाई प्राध्यापकाकडे वळल्या. “सर, पोर वाढलंय. नवा शिवून घ्या. ताकिदींचं मी बघते, परीक्षेला बसेल तो.”

प्राध्यापकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दिसणाऱ्या दृश्यात त्यामुळे काही फरक पडला नाही.

“अरे, मग मला सांगायचं नाहीस का?”

“सांगितलं ना, बाबा. तीनदा सांगितलं. तू दर वेळी लिहून घेतलंस.”

प्राध्यापकाने वही उघडली. तीन तारखांखाली, त्याच्याच नेटक्या अक्षरात, एकच वाक्य तीनदा होतं : ‘बाबा, शर्ट लहान होतोय.’ पहिल्यापुढे शेरा होता, ‘प्रभावी रूपक.’ दुसऱ्यापुढे, ‘पुनरुक्तीमुळे अधिक प्रभावी.’ आणि तिसऱ्यापुढे, लाल शाईने अधोरेखित : ‘हा संवाद कोणत्या मालिकेतला? शोधणे.’