हेमकांतची बोहनी

"किलोवर शे का नगवर?" सशांच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून गिरधरनं विचारलं.

ग्रेसीनं कपाळाला हात लावला. दुकान उघडून नऊ दिवस झाले होते आणि नऊ दिवस हाच प्रश्न. नवापूरच्या माणसाला पिंजऱ्यात काही हलताना दिसलं की त्याच्या डोळ्यांपुढे तराजू उभा राहतो, त्याला कोण काय करणार. लोकांनी लव्हबर्डसुद्धा सोडले नव्हते. एका बाईनं तर टाकीतले रंगीत मासे बराच वेळ न्याहाळले आणि सुकवलेले नाहीत का म्हणून विचारलं.

"खायला नाहीत दादा, पाळायला आहेत."

"पाळसू ना," गिरधर म्हणाला. "संध्याकाळ लगून पाळसू. मंग जावई घर येनार शे."

कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला योहान, म्हणजे ग्रेसीचा सासरा, पोट धरून हसला. गाळा त्याचाच. चाळीस वर्षं पोल्ट्री करून गुडघे गेले तेव्हा त्यानं शेड बंद केलं आणि सुनेच्या हट्टापायी गाळा तिला दिला. पण अट घालून: दुसऱ्या आठवडे बाजारापर्यंत बोहनी झाली नाही, तर सोमवारी तिथं चिकनचं दुकान लागणार. आज बाजार होता आणि दुपारचे चार वाजून गेले होते.

"देऊन टाक की," तो तिला घरच्या मावची बोलीत म्हणाला. "पैसे दिल्यावर तो ससा खाईल नाहीतर डोक्यावर घेऊन नाचेल. तुझं काय जातं? बोहनी तर होईल."

म्हातारा चुकीचं बोलत नव्हता, तेच तर वाईट. हो म्हटलं असतं तर दुकान वाचलं असतं. पण मग त्यात आणि सोमवारी येणाऱ्या दुकानात फरक तो काय राहिला? ग्रेसीचा जीव अगदी मेटाकुटीला आला. तिनं पिंजरा उघडला, पांढरा ससा काढला आणि गिरधरच्या हातात ठेवला.

"देते. पण माझ्या दुकानातून जनावर बिननावाचं जात नाही. नाव ठेवा आणि तीनदा हाक मारा. मोठ्यानं."

हा नियम तिनं त्याच क्षणी केला होता. योहाननं आ वासला.

"ससाले नाव?"

"तुमच्या बैलाला नाही का?"

"बैलले शे. ससाले कसाले?"

"ह्यालाही कान आहेत. बैलापेक्षा मोठेच."

शेजारी लसूण विकणाऱ्या बाईनं तोंडाला पदर लावला. चहाच्या टपरीवरचे दोघे ग्लास घेऊनच जवळ आले. गिरधरचे कान तापले. एकदाचं उरकून टाकावं म्हणून त्यानं, सकाळपासून डोक्यात जे नाव घोळत होतं, तेच पुटपुटलं.

"हेमकांत."

"कोण हेमकांत?"

"जावई."

माणसं खो खो हसली. ग्रेसी हसली नाही. "त्याला ऐकू गेलं नाही. परत."

"हेमकांत," गिरधर जरा जोरात म्हणाला. सशाचे कान ताठ झाले. मागून रिक्षाचा हॉर्न वाजला होता, त्यानंही झाले असतील. पण गिरधरनं खाली पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली ती मोठ्यानं नाही, कानाशी तोंड नेऊन, घरातल्या झोपलेल्या माणसाला उठवावं तशी. सशानं नाक त्याच्या कॉलरमध्ये घातलं.

"गुदगुल्या करस रे," तो म्हणाला. पैसे दिले, पिशवी नको म्हणाला आणि गर्दीत शिरला.

"झाली तुझी बोहनी," योहान म्हणाला. "पण कापणार बरं का तो. नावानं कुणाचा जीव वाचत नाही, पोरी."

 ग्रेसी पायरी उतरून रस्त्यात आली होती. गिरधर रस्ता ओलांडून सरळ समोरच्या चिकनवाल्याकडे गेला होता. हा चिकनवाला लोकांनी घरून आणलेली कोंबडीही साफ करून द्यायचा, हे तिला माहीत होतं.  देवा, एवढं एक, ती मनात म्हणाली.

चिकनवाल्यानं हात पुसले आणि सशाकडे पुढे केले.

गिरधर दोन पावलं मागे सरला. त्यानं दुसरा हात सशावर धरला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलला, "हात नको लाऊ. जावई शे तो. तू माले कोंबडी दे."

लसूणवाली हसता हसता खाली बसली. ग्रेसीही हसली, भर रस्त्यात, सासऱ्यासमोर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नऊ दिवसांचं सगळं हसून घेतलं तिनं.

ती आत आली तेव्हा योहान खुर्चीत नव्हता. गुडघे धरत तो लव्हबर्डच्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभा होता.

"चाळीस वर्षं पाखरं वाढवली मी," तो म्हणाला. "एकालाही हाक मारली नाही."

त्यानं जाळीला बोट लावलं. एक निळं पाखरू सरकत सरकत आलं आणि त्यानं बोटाला चोच मारून पाहिली. योहाननं बोट काढलं नाही.

"ह्याचं काय नाव?"

"ते गिऱ्हाईकानं ठेवायचं असतं, पप्पा," ग्रेसी म्हणाली. "घ्यायचंय का?"

योहाननं खिशात हात घातला.