पाण्याची पारख

काळुरामने बहिणीच्या बॅगेचं कुलूप मुठीत धरून ठेवलं होतं. चंद्रावतीने हात पुढे केला, तरी त्याने मूठ उघडली नाही.

"लोकं दुबईला जातात, सोनं आणतात, टीव्ही आणतात," तो म्हणाला. "तू चालली कुठं, तर मृत समुद्राला. नावातच मेलेलं हाय."

"जॉर्डनमध्ये आहे तो. भूगोलात होता आपल्याला."

"भूगोलाच्या तासाला मी खाडीवर असायचो."

चुलीपाशी बसलेली त्यांची आई, बायजाबाई, तोंडाला पदर लावून हसली.

चंद्रावती सेहेचाळीस वर्षांची होती. रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत, तिची वीस वर्षं नोकरी झाली होती. काचेची नळी द्रवात सोडायची, ती किती वर तरंगते ते वाचायचं, घनतेचा आकडा वहीत लिहायचा, हे तिचं रोजचं काम. मार्चमध्ये अलिबागच्या कोर्टात तिचा घटस्फोट झाला आणि ती रोह्याजवळच वरश्याला एका खोलीत एकटी राहू लागली. आता साठलेली रजा घेऊन ती निघाली होती. मुंबईच्या वाटेवर पेणला उतरून आईच्या पाया पडायला ती खाडीकाठच्या या घरी आली होती.

"भावजी भेटलेले रामवाडीच्या नाक्यावर," काळुराम म्हणाला.

"आता ते तुझे भावजी नाहीत."

"मग काय म्हणू?"

"हैबतराव म्हण. नाव आहे त्यांना."

"ते हसत व्हते. म्हणे, हिला पवता येत नाय आन् चालली समुद्रात."

पोहता येत नव्हतं हे खरंच होतं. खाडीकाठी जन्मून तिला पोहता येत नव्हतं. भाऊ बांधावरून उड्या मारायचे तेव्हा ती मिठाच्या पाट्या वाहायची. कोर्टाच्या पायरीवर हैबतरावाने तिला शेवटचं वाक्य ऐकवलं होतं: "माझ्याशिवाय गटांगळ्या खाशील." तो रागावला नव्हता. उद्या ऊन पडेल असं सांगावं तसं त्याने सांगितलं होतं. म्हणूनच ते तिच्या मनातून जात नव्हतं. वीस वर्षं आकडे मोजणाऱ्या बाईला ते खोडून काढता येईना. तपासून पाहिल्याशिवाय तिला कोणतीच गोष्ट खोटी म्हणता येत नसे.

"बुडालीस तर काढायला कोण येणार नाय," काळुरामचा आवाज चढला. "आन् एक ऐक. पूजाचं लगीन जमवायचंय मला. तिची आत्या एकटी परदेशात फिरते म्हणून सोयरे मागं फिरले तर? आज या घरातून गेलीस, तर परत या दारात येऊ नको."

चंद्रावतीने दाराकडे पाहिलं. कोर्टातून निघाली होती ती थेट याच दारात आली होती. दुसरं दार तिला नव्हतं.

बायजाबाई उठली. कोपऱ्यातल्या टोपलीतून तिने एक अंडं काढलं आणि काळुरामच्या डोळ्यांसमोर धरलं.

"तुझा बाप याचं काय करायचा?"

"आता कुठं तो विषय..."

"सांग."

"मिठागरात सोडायचा," तो पुटपुटला.

त्यांचा बाप जनू याच्याकडे पाणी जोखायला दुसरं साधन नव्हतं. उन्हाने आटत आलेल्या पाण्यात तो अंडं सोडायचा. अंडं तळाशी गेलं की पाणी अजून कच्चं. वर येऊन रुपयाएवढं डोकं दिसलं की पाणी पिकलं, आता मीठ धरणार. प्रयोगशाळेतली काचेची नळी पहिल्यांदा हातात आली तेव्हा चंद्रावतीला हसू आलं होतं. हे तर बाबांचंच अंडं.

"तिथलं पाणी पिकलेलं हाय का गो, चंद्रे?" बायजाबाईने विचारलं.

"पिकलेलं आहे, आई. बाबा असते तर काठावरून हलले नसते."

"मग मीठ आणणार काय विमानातून?" काळुराम म्हणाला.

चंद्रावतीने खुंटीवरची मिठाच्या गोणी शिवायची सुतळी घेतली आणि बॅगेला आडवी-उभी आवळून बांधली. गाठ दातांनी ओढून पाहिली.

"कुलूप तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली आणि आईच्या पाया पडून एसटी पकडायला निघाली.

चौथ्या दिवशी सकाळी ती मृत समुद्राच्या गुडघाभर पाण्यात उभी होती. पाणी हाताला तेलासारखं लागत होतं. ओळखीचं माणूस जवळपास नव्हतं. काठावरचा रखवालदार खुणेने सांगत होता, मागे बसा, खुर्चीत बसतात तसं बसा. मागे खुर्ची नव्हती, हात धरायला कोणी नव्हतं. कानात कोर्टाची पायरी होती. तिने श्वास घेतला आणि दोन्ही पाय उचलले.

अकराव्या दिवशी पेणला काळुरामच्या नावाने पोस्टकार्ड आलं. चित्रात निळं पाणी होतं. त्याने ते उलटं केलं.

"वाच की मोठ्यानं," बायजाबाई म्हणाली.

तो एकेक शब्द जोडत वाचू लागला.

"काळू, कुलूप सांभाळून ठेव, न्यायला येणार आहे."

पुढची ओळ त्याने आधी मनात वाचली. मग कार्ड खाली घेतलं आणि मिठागराकडे पाहिलं.

"पुढं काय लिवलंय?"

जनूच्या मुलाला ती ओळ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने कार्ड पुन्हा वर धरलं.

"अंडं वर आलं. रुपयाएवढं नाही, चांगलं बशीएवढं."