चांदबीबी इथं नाही

“आक्का, हात जोडू नका. चांदबीबी इथं न्हाई.”

दिलावरने चहाचं पातेलं खाली उतरवलं आणि नेहमीचं पुराण सुरू केलं. अख्खा नगर जिल्हा डोंगरावरच्या या इमारतीला चांदबीबीचा महाल म्हणतो, पण आत कबर आहे ती सलाबतखानाची. वीस वर्षं इथे चहा विकताना त्याने हे हजारदा सांगितलं होतं. लोक मान डोलवायचे, चहा प्यायचे आणि ‘चांदबीबीच्या महाला’पुढे फोटो काढून घरी जायचे.

बाकड्यावर बसलेल्या रतनबाई पुणतांब्याहून आल्या होत्या, थोरल्या मुलाला, सहादेवला घेऊन. त्यांच्या हातात राणीला वाहायला आणलेल्या हिरव्या बांगड्या होत्या.

“तिनं पडलेली भिंत एका रातीत उभी केली म्हनं,” त्या म्हणाल्या. “माझं बी घर पडलंय, बाबा. धाकटा हर्षल करोनात गेला.”

“अल्ला सबर देवो. पन या बांगड्या खानाच्या कबरीवर पडतील.”

“असू द्या की, चाचा,” सहादेव हळूच म्हणाला. “म्हातारीचं समाधान.”

झालं, दिलावरचं डोकं सटकलं.

“राणी कशी मेली, ठाव हाय? गोळे संपले तवा तोफेत चांदीची नाणी भरनारी बाई ती! मोगलांना हटली न्हाई. कुनीतरी उठवलं, राणी फितूर झाली. आपल्याच मानसांनी ते खरं मानलं अन् कापली तिला. खोट्यापायी मेली ती. निदान तिच्या नावानं तरी खोटं नको.”

बांगड्या पदरात बांधून रतनबाई गुडघे धरत महालाकडे निघाल्या. त्यांना जाताना पाहून दिलावरला वाईट वाटलं, पण बोललेलं त्याने मागे घेतलं नाही.

सहादेव मागेच राहिला. टपरीत टांगलेल्या फोटोसमोर तो बराच वेळ उभा होता.

“पोरगा?”

“काशिफ. एकुलता हुता. तो बी करोनातच गेला. नगरात शाळेत खाटा टाकल्या हुत्या, तिथं.”

“आमचा हर्षल बी तिथंच हुता.”

दिलावरने न विचारता त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. पैसे घ्यायचे नाहीत, हे त्याने तेव्हाच ठरवलं.

“तोंड बघाया मिळालं?” सहादेवने विचारलं.

“कुठलं! प्लास्टिकात गुंडाळून दिला. आंघोळ न्हाई, कफन न्हाई, तसाच दफन केला. दंडावर ताईत हुता तेवढाच संगं गेला. बघा, फोटोत दिसतोय. तांब्याचा. त्यावर चंद्रकोर म्याच कोरली हुती, खिळ्यानं.”

सहादेवने फोटोकडे पाहिलं नाही. त्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

“अन् त्याची आई?”

“सरवरी? आज जुमेरात, गुरुवार न्हवं का, कबरीवर गेलीय. वरीसभर येडी झाल्ती हो. ना जेवन, ना बोलनं. आता दर जुमेरातीला जाती, दोन तास त्याच्याशी बोलत बसती, मग घरी येऊन चूल पेटवती. ती कबर हाय म्हनून बाई हाय, बघा.”

कप तसाच होता, चहावर साय धरली होती. वर महालाच्या पायरीवर रतनबाई दम खायला टेकल्या होत्या.

“चाचा, एक विचारू? भलत्याच्या कबरीवर का हुईना, मानसाला आधार मिळतोय. तरी बी खरं सांगायचंच?”

“सांगायचंच,” दिलावर म्हणाला. वीस वर्षांत या उत्तरासाठी त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. “दुसऱ्याच्या कबरीवर रडून काय उपेग?”

सहादेवने मान हलवली.

“आईला म्या अजून सांगितलं न्हाई,” तो म्हणाला. “त्या शाळेतल्या यादीवरनं लई दीस तुमचाच पत्ता हुडकत हुतो. आज बी वाटलं, चहा घेऊन गुमान परत जावं.”

“काय सांगितलं न्हाई?”

सहादेवने खिशातून कागदाची पुडी काढली आणि फळीवर ठेवली.

“हर्षलची राख सावडताना घावलं हे.”

दिलावरने पुडी उलगडली. आत तांब्याचा ताईत होता, आगीने काळा पडलेला. खिळ्याने कोरलेली चंद्रकोर मात्र अजून दिसत होती.