पाव गुण

पेठेतल्या अभ्यासिकेच्या दारात एक बाई डबा घेऊन उभ्या होत्या. वर्षाराणी बाहेर येताच त्यांचा चेहरा फुलला. "किती वाळलीस गं बाये!"

वर्षाराणीने त्यांना अनोळखी नजरेने न्याहाळलं. कालच क्लासमध्ये तिने मानेत सामान्य ज्ञानाची शेवटची सुई टोचून घेतली होती. "नवीन भरायचं तर जुनं काढावं लागतं," गव्हाणे सर म्हणाले होते. "परीक्षेला जे येत नाही, ते आधी काढू." आता राज्यातली सगळी धरणं आणि साऱ्या घटनादुरुस्त्या तिला तोंडपाठ होत्या.

"अगं, वळखलं न्हाईस व्हय मला? सांग बरं, कोण मी?"

सवयीप्रमाणे तिने मनात पर्याय मांडले. शेजारीण एवढ्या लांब डबा आणणार नाही, म्हणून ती बाद. उरली मावशी किंवा आई. नाक तर हुबेहूब आपल्यासारखं होतं, पण खात्री होईना. आणि खात्री नसेल तर हात लावायचा नाही, असं सरांनी बजावलं होतं. चुकलं की पाव गुण जातो.

बाईंचे डोळे भरून आले.

वर्षाराणीने तो प्रश्न सोडून दिला आणि पुढचा घ्यायला आत वळली.