कावळ्यांची राखण

आईबाप गेल्यावर येसूबाई काकीने बायजाला घरात घेतलं, ते वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलायला. "तुजा आवाज कावल्यांनाच बरा, मानसांना नको," हे ती पोरीला रोज ऐकवायची.

पुढे तोच आवाज रेडिओवर गाजला, तबकड्या घरोघरी वाजू लागल्या. पण टाळ्या पडल्या की बायजाबाईंना वाटायचं, लोकांची फसगत झालीय, एक दिवस कळेलच त्यांना.

शेवटी १९६२ साली त्या मोटार करून दिवाळे गावी, काकीच्या घरी आल्या. काकीला एकदा तोंडावर विचारायचं होतं, माझा आवाज खरंच इतका वाईट होता का?

अंगणात बोंबलांशेजारी ग्रामोफोन ठेवलेला, त्यावर त्यांचंच गाणं चाललेलं, आणि कावळे निवांत बोंबील ओढतायत.

"बघ गो बाय, सकालपासून तुजी तबकडी लावलीय," काकी करवादली. "येक कावला हलत न्हाय!"

बायजाबाईंनी जरीचा पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून हाळी दिली. अंगण क्षणात रिकामं झालं.


"हा, याला म्हनतात आवाज!" काकी म्हणाली, आणि बायजाबाईंना जन्मात पहिल्यांदा पटलं, आपण बरं गातो.