दहा सुतांचं दार

"अजून जरा वर घ्या," बायको म्हणाली.

मिस्त्रीने चिमणघर वर सरकवलं. गॅलरीत विजेच्या मीटरशेजारी तो स्टुलावर उभा होता आणि दोन्ही हातांनी त्याने ते भिंतीला दाबून धरलं होतं. दीड वीत उंच, वर उतरतं छप्पर, पुढे एक गोल भोक. हात थरथरत होते, त्यामुळे लाकूड भिंतीवर बारीक टकटक करत होतं.

"बस, बस. तसंच धरा. खिळ्याची खूण करायला पेन्सिल आणते."

"लवकर आण. आत जाऊन भांडी आवरत बसू नकोस."

"तुम्ही तेवढे स्टुलावरून पडू नका म्हणजे झालं."

ती आत गेली. भोक आता मिस्त्रीच्या डोळ्यांसमोरच होतं. बघायचं नाही म्हटलं तरी दिसत होतं. आखताना त्याने दहा सुतांचं आखलं होतं, म्हणजे बरोबर सव्वा इंच. चिमणी आत जाईल, तिच्याहून मोठं कुणी जाणार नाही. पण पटाशीने कड साफ करायला घेतली आणि हात हलला. एका अंगाला सूतभर लाकूड जास्त गेलं. पटाशी सटकून भोकाखाली तीन ओरखडे उमटले, ते वेगळेच. दुसऱ्याच्या कामातला अर्ध्या सुताचा फरक आयुष्यभर त्याने दारातूनच ओळखला होता, आणि तोंडावर सांगितलाही होता.

हत्यारांची पेटी दाराशी आणून ठेवलेली होती. चार वाजता जावई ती न्यायला येणार होता. मिस्त्रीनेच त्याला फोन केला होता, "दोन वर्षं गंजत पडलीयत. तुझ्या कारखान्यात तरी चालतील." ते ऐकून बायको एवढंच म्हणाली होती, "पेटी जायच्या आधी माझं एक काम करून द्या. ती चिमण्यांची जोडी रोज मीटरच्या डब्यात काड्या कोंबतेय. एक दिवस भाजून मरेल."

काम झालं होतं. कसं झालं, ते समोर दिसतच होतं. आता पेटी गेलेलीच बरी.

आत कपाटाचे खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. तेवढ्यात चिमणी आली.

आधी ती गजावर बसली. चोचीत वाळकी काडी होती. मीटरच्या डब्याकडे उडाली, पण बायकोने सकाळीच त्याची फट बुजवली होती. चिमणी पुन्हा गजावर आली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि थेट चिमणघरावर झेपावली.

भोकाखाली टेकायला काहीच नव्हतं. तरी ती टेकली. तिच्या नख्या त्या तीन ओरखड्यांत रुतल्या होत्या.

हलायचं नाही, असं त्याने हातांना बजावलं. हातांनी ऐकलं नाही. चिमणघर हलत होतं आणि त्याच्याबरोबर चिमणीही हलत होती. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाऱ्यात फांदीवर बसावी तशी ती बसली होती. तिने मान आत घातली, बाहेर काढली, मोहरीएवढ्या काळ्या डोळ्याने मिस्त्रीकडे एकदा पाहिलं आणि काडीसकट आत शिरली.

तिच्या पायांची खरखर लाकडातून त्याच्या तळव्यांत आली. मग एक थाप. मग अगदी हलकं, गोल गोल फिरणं.

चाळीस वर्षांत त्याने किती दारं बसवली, किती पलंग जोडले, त्याची गणती नव्हती. काम संपलं की तो हत्यारं उचलून निघायचा. माणसं राहायला यायची ती नंतर. राहायला आलेलं कुणी असं हातांत धरून त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"सगळं घर पालथं घातलं मी," म्हणत बायको दारात आली, "आणि ही बघा, कानावरच ठेवलीय की तुम्ही!"

"श्श."

भोकातून चिमणी बाहेर आली. भुर्रकन त्याच्या कानाजवळून गेली. वारा गालाला लागला.

बायकोने तोंडावर हात ठेवला. मग कुजबुजत म्हणाली, "परत येईल?"

"काडी ठेवून गेलीय."

"मग पटकन कानावरची पेन्सिल घेते, खूण करते नि—"

"हात लावू नकोस."

"अहो, किती वेळ असे उभे राहणार? दमाल."

"दमू दे."

चिमणी आली. या वेळी मागोमाग चिमणाही आला आणि छपरावर, मिस्त्रीच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर बसला. आतली काडी इकडची तिकडे होत होती. मिस्त्रीच्या दंडांत कळा यायला लागल्या होत्या. तो हसत होता की काय, ते बायकोला नीट कळेना.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. मग जावयाची हाक आली, "बाबा! वर येऊ ना पेटी घ्यायला?"

चिमणा दचकला, पण उडाला नाही. मिस्त्रीने फक्त डोळे वळवून बायकोकडे पाहिलं.

ती पाय न वाजवता आतल्या खोलीत गेली. तिथली खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग तिचा दबलेला आवाज.

"आज राहू द्या. ह्यांचे हात रिकामे नाहीत."