शेवटची जोड

दुसरी घागर रांजणात ओतून भिमाजी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तोच आतून नवसाबाईचा आवाज आला, "भाऊ, त्या कोपऱ्यातला पाला दिसत नाय का तुमाला?"

भिमाजीनं खराटा उचलला. मनात म्हणाला, हात जोडले बाई तुझ्यापुढं! काल आपणच लख्ख झाडलेलं अंगण आज पुन्हा पाचोळ्यानं भरलेलं. अंगणात झाड म्हणाल तर एक तुळस. एवढा पाला येतो कुठून, देव जाणे.

ही टूम महेबूब वस्तादाची. तालमीतल्या पोरांनी नुसते जोर काढायचे आणि दूध ढोसायचं, याला काय अर्थ आहे? दिवाळी सरताच त्यानं फर्मान काढलं. रोज सकाळी गल्ली झाडायची, चढाखालच्या नदीवरून, गंगेवरून, पाणी वाहायचं आणि एकेकानं एकेक म्हातारं माणूस सांभाळायचं. खांदेही भरतील, गल्लीही साफ राहील. "लाल मातीत उतरायला शंभर अटी, झाडूला एक नाही. वाटेल त्यानं नाव द्यावं," असं त्यानं चारचौघांत सांगून टाकलं.

मग वही घेऊन तो भिमाजीच्या दारात आला. "चाचा, तुमचं नाव लिहू?"

"लिहा की! साठी उलटली म्हणून काय झालं? जन्मभर तांब्याची पातेली ठोकलीत या हातांनी."

वस्ताद क्षणभर त्याच्या तोंडाकडं बघत राहिला आणि त्यानं नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी जत्रेतल्या कुस्त्या पुकाराव्यात तशा त्यानं जोड्या पुकारल्या. "नवसाबाई आणि भिमाजी, जोड!" पोरं खो खो हसली. भिमाजी मात्र ताठ मानेनं दोन घागरी घेऊन नवसाबाईच्या दारात हजर. म्हातारी त्याच्याच वयाची, फुलं विकून पोट भरणारी, एकटी. घागरी बघून तिनं आधी डोळे मोठे केले, मग म्हणाली, "पाणी आणायला निघालात व्हय? बरं झालं बाई. माझे गुडघे लय दुखत्यात. रांजण चुलीपाशी हाय."

भिमाजीचा जीव या सेवेत अडकला होता, त्याला कारण होतं. आषाढात त्याची बायको गेली. तेव्हापासून तो अंथरुणात पडून असायचा, दाराची कडी काढायचाही कंटाळा. वणीहून मुलाचं, पुंजाचं, कार्ड आलं. "बाबा, एकट्यानं तुमच्याच्यानं निभायचं नाही. गुढीपाडव्याला येतो आणि घेऊन जातो. इथं ओसरीवर निवांत बसा."

ओसरीवर बसायचं! भिमाजीनं कार्ड भिरकावलं. गंगा सोडायची, गल्ली सोडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करत मरणाची वाट बघायची? छे! त्यानं उलट टपाली कळवलं, "मी तालमीच्या सेवेत आहे. पाडव्याला वस्ताद सेवेकऱ्यांना लाल फेटे बांधणार आहेत. माझ्या डोक्याला फेटा दिसला की तू गुपचूप एकटा परत जायचं."

पुंजानं लिहिलं, "कबूल. नाही बांधला तर मात्र गाठोडं बांधायचं."

झालं! त्यानंतर भिमाजीनं खाडा केला तो एकदाच. पौषात थंडी अशी पडली की गोधडीतून बाहेर येववेना. तर ही बया चढ चढून त्याच्या दारात! "मी काय तहानेनं मरू व्हय?" म्हणत कडी वाजवत सुटली. भिमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घागरी भरून तो धावत पळत गेला, तोवर बाईनं घरी पोचून भाकरीही थापली होती.

ती भाकरी आणि ठेचा रोजचाच झाला. नको म्हटलं तरी ऐकायची नाही. भिमाजी मनाशी म्हणायचा, बिचारीला बोलायला तरी कोण आहे? म्हणून तो घटकाभर बसायचा, बायकोच्या चार आठवणी सांगायचा, दुसरी भाकरीही मागून घ्यायचा.

माघ संपेपर्यंत तो चढ एका दमात चढू लागला. तालमीतला थोराड गडी गोटीराम चेष्टेनं म्हणायचा, "चाचा, लावायची का आपली कुस्ती?"

"लाव. पण तुझ्या आईला विचारून ये!" भिमाजी म्हणायचा, आणि सगळी गल्ली हसायची.

पाडवा उजाडला. तालमीपुढं उंच गुढी उभी राहिली. पुंजा सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं आला आणि तडक तालमीत येऊन बापाशेजारी बसला. समोर तबकात अकरा लाल फेटे होते. वस्ताद एकेक जोड पुकारायचा, सेवेकरी पुढं यायचा, फेटा बांधून घ्यायचा. पहिला गोटीराम, मग फारुख, मग अन्सार. असे दहा झाले. भिमाजीचं नाव काही येईना.

तबकात एकच फेटा उरला. पुंजानं बापाकडं बघितलं. भिमाजीनं मान दुसरीकडं वळवली. पलीकडं बायकांमध्ये नवसाबाई बसली होती, ती त्याच्याकडं बघून हसली. चला, म्हातारीनं आपल्याविषयी चांगलंच सांगितलेलं दिसतंय. भिमाजीला हायसं वाटलं. धोतर झटकत तो अर्धामुर्धा उठलासुद्धा.

"ही शेवटची जोड," वस्ताद म्हणाला. "यातलं म्हातारं माणूस लई हट्टी. चार महिने घराबाहेर पडलं नव्हतं, जेवत नव्हतं. आज बघा, कसं टुणटुणीत झालंय! म्हाताऱ्यांच्या यादीतून मी त्याचं नाव आजपासून खोडलं. कुणी न्यायला आलं असेल, तर त्यानं खुशाल एकटं परत जावं."

भिमाजीला काही उलगडेना. नवसाबाईला न्यायला कोण आलंय?

वस्तादानं तबकातला फेटा उचलला.

"या नवसाबाई, या पुढं. तुमच्या म्हाताऱ्याला जरा खाली बसायला सांगा."